मार्गशीर्षातला घाम

थंडीत घाम आला की मी अजूनही घाबरते. उन्हाळ्यातल्या घामाचं काही नाही. वसई-विरारकडे राहून घामाची तक्रार करणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. पण मार्गशीर्ष लागला, पहाटे गॅलरीच्या गजांवर दव दिसायला लागलं आणि अशा दिवसांत कपाळावर थेंब जमला, की माझा हात आपोआप मानेमागे जातो. घाम गरम आहे की गार, ते आधी बघायचं. बाकीचं मग.

परवा तसंच झालं. लेकीनं घरात व्यायामाची सायकल आणून ठेवलीय, तिच्यावर मी बसले होते. खिडक्या उघड्या, पंखा तीनवर, समोर टीव्ही. लेक म्हणाली, "वा मम्मी, घाम फुटला! आता कुठे व्यायाम सुरू झाला." मी पाय थांबवले आणि मान चाचपली. गरम होता. तिला वाटलं मला दम लागला. पुन्हा पायडल मारायला मन घेईना. टॉवेल खांद्यावर टाकून गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली कोणीतरी पालापाचोळा पेटवला होता. त्या धुराच्या वासानं मी थेट तुळिंजच्या घरात जाऊन पोचले.

नालासोपारा पूर्वेला, तुळिंजच्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी कॉलेजात होते. बाबा साताऱ्याकडचे, मुंबईत एका कचेरीत नोकरीला. आई नंदाखालची, केळी-नारळाच्या वाडीत वाढलेली. तुळिंज ते नंदाखाल अंतर ते केवढं! सायकलनं निघालं तर चहा इथे प्यावा नि न्याहारी तिथे करावी. पण आई कित्येक वर्षांत तिकडे गेली नव्हती. धाकट्या मामाच्या लग्नात बाबांच्या मानपानात काहीतरी उणं पडलं. काय, ते मला आजवर नीट कळलेलं नाही. कोणी म्हणे टॉवेल-टोपी द्यायची राहिली, कोणी म्हणे पहिल्या पंगतीला बोलावलं नाही. बाबा मांडवातून उठले आणि म्हणाले, "या उंबऱ्यावर माझ्या घरचं माणूस पुन्हा पाय ठेवणार नाही." त्यांच्या घरचं माणूस म्हणजे आई. उंबरा तिचा, शपथ त्यांची.

ती अधूनमधून विचारायची, "एकदा जाऊन येऊ का हो?" बाबा ऐकलं न ऐकल्यासारखं करून उठायचे आणि दाढीचं सामान काढायचे. ओरडणारा माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. बाबा भांडत नसत. आईचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. तिच्या माहेरच्या बोलीला तर आमच्या घरात बंदीच होती. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या बायका हसल्या, म्हणून तिनं ती बोली जी मिटली ती मिटलीच. माझ्याशीसुद्धा ती पुस्तकातल्यासारखं स्वच्छ मराठी बोलायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, साबुदाणा-बटाटा-केळं बंद केलं आणि सांगितलं, "रोज घाम येईपर्यंत चाला." चालणार कुठे? तुळिंजच्या रस्त्यावर संध्याकाळी भाजीच्या गाड्या, रिक्षा आणि गटाराचं खोदलेलं काम यांतून माणूस वाट काढतो, चालत नाही. शिवाय बाबांना बायकांनी उगाच रस्त्यानं फिरणं पसंत नव्हतं. मग आईची नजर माझ्या लेडीज सायकलवर गेली. ती आम्ही जिन्यावरून उचलून आणली, बाहेरच्या खोलीत मागच्या स्टँडवर चढवली आणि हँडल नायलॉनच्या दोरीनं खिडकीच्या गजांना बांधलं. मागचं चाक अधांतरी फिरायचं. ते फारच हलकं जायला लागलं, तेव्हा आईनंच डायनॅमो टायरला टेकवला. पायाला जोर लागायला लागला आणि पुढचा दिवा लागला. दाराआड, पडदे ओढून, माझा जुना पंजाबी ड्रेस घालून आई पायडल मारायची. भिंतीवर एक पिवळा गोल थरथरत राहायचा. त्या गोलाकडे मला फार वेळ बघवत नसे.

घामाचं एक शास्त्रच झालं होतं आमचं. खिडकी उघडायची नाही, कारण समोरच्या बिल्डिंगीतून दिसतं. पंखा लावायचा नाही, कारण घामेजल्या अंगाला वारा लागला की छाती धरते, असं समोरच्या सावंतकाकूंनी बजावलेलं. त्यामुळे डिसेंबरातसुद्धा त्या खोलीची भट्टी व्हायची. खाली जुनी सतरंजी. हँडलला सुती चिंधी गुंडाळलेली, नाहीतर हात निसटायचा. कुंकू ओघळायचं म्हणून तेवढ्यापुरती टिकली. गळ्यात पंचा. आणि संपल्यावर सायकलच्या नळीला खोबरेल तेलाचा हात, कारण घामाच्या मिठानं तिथे गंज धरायला लागला होता. आई पंचा पिळून मला दाखवायची. "बघ, किती साखर निघाली! मुंग्या लागतात का बघ हं याला." मी हसायचे. घाम जितका जास्त तितका आजार कमी, असा आमचा साधा हिशोब होता. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं ना, घाम येईपर्यंत.

पायडल मारताना ती डोळे मिटायची. एकदा मी विचारलं, "झोपतेस की काय?" तर म्हणाली, "बोळींजपर्यंत आलेय." दुसऱ्या दिवशी आगाशीचं तळं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोळींज, कारण त्या दिवशी पाय दुखत होते. रोज अशी जायची. लग्नाआधी त्या रस्त्यांवर ती खरीखुरी सायकल चालवायची, मागे कॅरिअरला केळीची पानं बांधून. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नंदाखालला मात्र ती पोचत नसे. आगाशी आलं की उतरायची, पंच्यानं तोंड पुसायची आणि कुकर लावायची.

मार्गशीर्षातले गुरुवार ती दरवर्षी करायची. घट मांडायचा, दिवसभर उपास, संध्याकाळी बायका जमवून कथा वाचायची आणि नैवेद्य दाखवून उपास सोडायचा. त्या वर्षी उपासाला खायचं काय, हा प्रश्न होता. साबुदाणा बंद, बटाटा बंद, केळं बंद. आईनं सोपं उत्तर काढलं: काहीच खायचं नाही. गोळी मात्र चुकवायची नाही आणि सायकलही चुकवायची नाही. शहाणी रोगीण होती ती. सांगितलेलं सगळं ऐकायची.

दुसऱ्या गुरुवारी सायकलवरून उतरल्यावर तिचा घाम थांबेना. आंघोळ केली, नवी साडी नेसली, तरी मानेवरून ओघळ चालूच. मी म्हटलं, "आज खूप चालवलीस वाटतं." ती नुसती हसली, आणि ते हसू मला तिचं वाटलं नाही. बायका जमल्या. आई पाटावर बसून कथा वाचायला लागली आणि एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा यायला लागली. मग थांबली. पोथी मांडीवरून घसरली. तिचे हात थरथरत होते, अंग डोलत होतं, पोलकं भिजून पाठीला चिकटलं होतं. डोळे उघडे होते, पण त्यात कोणाची ओळख नव्हती. सावंतकाकू पुढे झुकल्या. आणि आई बोलली. जाड, लांबून येणारा आवाज.

"मना घरा जायाचा हाय."

तिच्या माहेरची बोली त्या घरात कोणीच कधी ऐकली नव्हती. सावंतकाकू कणकवलीकडच्या. त्यांनी चटकन पदर डोक्यावरून घेतला. "अंगात इला गो! आवाज बघ कसो बदललो!" झालं. एकेक करून सगळ्या बायका वाकल्या. कोणी तिच्या पायाला हळद-कुंकू लावलं, कोणी कपाळावरच्या घामातच मळवट भरला. तो ओघळून तिच्या नाकावरून खाली यायला लागला. मी "आई, आई" म्हणत होते. बायकांना वाटलं, मीही देवीलाच हाक मारतेय.

तेवढ्यात बाबा दारात आले. एका पायातली चप्पल काढलेली, एका पायात तशीच. सावंतकाकूंनी विचारलं, "खंयच्या घरा, आई?" आई म्हणाली, "नंदाखाल." बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली, हात जोडले, आणि माझ्या त्या मानी बापानं तिच्यासमोर जमिनीवर डोकं टेकलं. "चुकलं असंल तर पदरात घे, आई. नेतो. रविवारी नेतो."

मग काकूंनी देवीचं तोंड गोड करायचं म्हणून नैवेद्याची खीर चमच्यानं आईच्या तोंडात घातली. एक चमचा, दुसरा, वाटी संपेपर्यंत. हळूहळू थरथर थांबली. आईनं इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या स्वच्छ मराठीत विचारलं, "काय झालं? सगळ्या अशा का बसल्यात?" बायकांनी आरती म्हटली.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या ऐकता ऐकताच चिडल्या. "उपाशीपोटी गोळी आणि वर सायकल? अहो, साखर उतरली होती तुमची. ती खीर पोटात गेली नसती ना, तर आज तुम्ही मला दिसला नसतात. गार घाम आला की आधी साखर तोंडात टाकायची. आणि उपास बंद. देवी रागावली तर तिला माझ्याकडे पाठवा." आईनं मान डोलावली. खाली बाजारात आल्यावर मेथीच्या जुडीवरचा हात तसाच ठेवून ती म्हणाली, "नीता, बाबांना बोलू नकोस हे."

"का?"

"रविवारी न्यायचं म्हणालेत."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती जुड्या निवडत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

नंदाखालला ख्रिस्ती घरांच्या दारांत नाताळचे कंदील लागले होते. मामाच्या अंगणात पाऊल टाकल्यावर आईची चालच बदलली. माझी सावकाश, दारात पदर सावरणारी आई केळीच्या रांगांमधून भराभर निघाली आणि मोठ्या मामीशी ज्या बोलीत बोलायला लागली, त्यातलं मला निम्मं कळेना. ती मोठ्यानं हसत होती. एवढ्या मोठ्यानं ती हसते हे मला माहीत नव्हतं. विहिरीवर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायली. बाबा ओटीवर पाहुण्यासारखे बसले होते. मोठ्या मामाला म्हणाले, "देवीची आज्ञा झाली म्हणून आलो." मामा म्हणाला, "कशी का होईना, आलात." मग त्यानं चाचरत सांगितलं की त्याच्या मुलीचं लग्न माघात ठरलंय. आत्या हवीच. बाबा काही बोलले नाहीत.

बोलले ते परतीच्या वाटेवर, रिक्षात. "देवीनं सांगितलं ते केलं. आता लग्नाबिग्नाचं मनात आणू नकोस." आईच्या मांडीवर मामीनं दिलेलं सुकेळ्यांचं पुडकं होतं, केळीच्या सोपटात बांधलेली सुकवलेली राजेळी केळी. तिला ती खायची मनाई. तिनं पुडकं नाकाशी धरलं आणि बाहेर बघत राहिली. बोळींज गेलं, विरारचं फाटक गेलं. मला त्या शांततेत काहीतरी शिजत असल्यासारखं वाटलं. तो माझा भास नव्हता.

त्यानंतर तिचे प्रश्न सुरू झाले. भाजी चिरताना सहज विचारावं तसे. "मी काय बोलले होते गं तेव्हा? आवाज कसा होता?" दुसऱ्या दिवशी, "बाबांनी खरंच डोकं टेकलं? पुरतं?" आणि एकदा, कणीक मळता मळता, "गोळी घेतल्यावर किती वेळानं झालं असेल ते?" मी म्हटलं, "आई, कशाला विचारतेस?" ती म्हणाली, "आपलं माहीत असावं. आजार माझा आहे ना?" रोज संध्याकाळी ती सायकलवर असताना मी दोनदा उठून तिच्या मानेला हात लावून बघायचे. ती हसायची. "म्हैस विकत घेताना बघतात तशी बघतेस." घाम गरम असायचा. माझ्यासमोर ती पोटभर जेवायचीसुद्धा, अगदी गुरुवारीही. मी स्वतःला समजावलं की बाई शहाणी आहे, मरणाशी खेळायची नाही. पण माणूस किती वर्षं गप्प बसल्यावर कशाशी खेळायला तयार होतो, याचा अंदाज मला कुठून असणार?

शेवटचा गुरुवार आला. सकाळी आईनं मला डब्यात पोहे दिले. "तू खाल्लेस?" "खाल्ले गं बाई." कॉलेजातून आले तर दाराला आतून कडी. आतून डायनॅमोची घरघर ऐकू येत होती, एकसारखी, बेफाम जोरात. मी दार वाजवत राहिले. घरघर थांबली, बऱ्याच वेळानं कडी निघाली. आई दाराला धरून उभी होती. केसांतून पाणी गळत होतं. खालची सतरंजी ओलीचिंब. मी तिच्या मानेला हात लावला.

गार. विहिरीच्या काठासारखी गार.

मी धावत जाऊन साखरेचा डबा आणला, मूठभर साखर तिच्या तोंडाशी नेली. तिनं दात घट्ट आवळले. माझं मनगट धरलं, आणि त्या थरथरत्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. दातांमधून म्हणाली, "थांब. बाबा येऊ देत."

"आई, मरशील!"

"येऊ देत त्यांना. मग दे."

खोबरेलाचा वास, घामाचा वास, मांडलेल्या घटापुढची उदबत्ती. तिनं तशाच ओल्या अंगावर साडी गुंडाळली आणि जाऊन पाटावर बसली, दाराकडे तोंड करून. बायका यायला लागल्या. या वेळी अनोळखीही होत्या, शेजारच्या बिल्डिंगीतल्या, कोणाच्या कडेवर आजारी पोर. बातमी फिरली होती. त्या तिच्या घामाकडे बघत हात जोडून बसल्या. मी ओरडले, "ही देवी नाहीये, हिची साखर उतरलीय, मला देऊ द्या!" एक म्हातारी म्हणाली, "पोरी, असं बोलू नये." सावंतकाकूंनी मला मागे ओढलं. आई दाराकडे बघत होती. जिन्यावर पावलं वाजली की तिची मान ताठ व्हायची. पावलं पुढच्या मजल्यावर जायची. त्या दिवशी नेमका बाबांना उशीर झाला. तिचे डोळे हळूहळू दारावरून सुटले, ओठ हलले, पण शब्द आला नाही, आणि ती कुशीवर कलंडली. काकूंनी खिरीचा चमचा लावला. खीर गालावरून खाली आली. तेव्हा कुठे काकू किंचाळल्या आणि त्यांनीच धावत जाऊन रिक्षा आणली.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज चढवलं. ती शुद्धीवर येते की नाही, हे बराच वेळ कोणी सांगेना. मी तिचा हात चोळत बसले होते. शेवटी पापण्या हलल्या. तिनं मला ओळखलं, आणि मग मी रडले.

बाबा पोचले तेव्हा त्यांना वाटेत शेजाऱ्यांनी अर्धवट काहीतरी सांगितलेलं होतं. ते चपला बाहेर काढून आत आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "काय आज्ञा आहे, आई?"

तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "काका, हात कसले जोडताय? उपाशीपोटी गोळी घेतली यांनी. साखर उतरली. आधीही एकदा झालंय म्हणे." बाबांचे हात तसेच राहिले, मग खाली आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. मग त्यांनी आईकडे पाहिलं. मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत, घाबरले.

"म्हणजे तेव्हा देवी नव्हती?"

"नव्हती," आई म्हणाली. "मीच होते."

"मग मला सांगायचं होतंस. एवढं जिवावर कशाला उदार व्हायचं? तोंडानं सांगायचं."

आईनं डोळे मिटले. "कुणाच्या तोंडानं?"

माघात आम्ही तिघंही लग्नाला गेलो. बाबांनी टॉवेल-टोपी घेतली, पहिल्या पंगतीला जेवले, मामाच्या पाठीवर हातही ठेवला. लोक म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. आईनं सायकल पुन्हा घरात चढवू दिली नाही आणि आयुष्यात परत उपास केला नाही. पण तेव्हापासून तिनं काहीही मागितलं, अगदी भावाकडे दोन दिवस जाऊ का एवढंच विचारलं, तरी बाबा आधी तिच्या कपाळाकडे बघायचे. कपाळ कोरडं दिसलं की म्हणायचे, "बघू."